टाचण्या

कोजागिरीनंतर दारामागची खडूची रेघ थांबली.
एका अंड्याला एक रेघ, पाचवी आडवी,
असा माझा हिशेब.
आता फळी नुसती फळी.

अंगणात मात्र पिसं.
मशीनच्या पायट्याखाली, वाळत घातलेल्या उडदावर,
न्हाणीच्या तोंडाशी साचलेली.
पहिल्या सकाळी वाटलं, मुंगूस येऊन गेलं.
रक्त शोधलं. नव्हतं.
खुराड्यात मोजल्या, चारही होत्या.

भुरी म्हणजे या अंगणाची पाटलीण.
ताटलीत पहिली चोच तिची,
बोक्याला पऱ्हाटीच्या गंजीवर चढवून
तासभर खाली उतरू न देणारी तीच.
आता मान उघडी, शेपूट गेलेली,
तुरा विटलेला, भिजवून वाळवलेल्या अस्तरासारखा,
पाठीवर उसवलेल्या शिवणीचा लांब पट्टा.
गंजीमागे उभी राहते, कुडाकडे तोंड करून.
धाकटी लाली, पहिलंच वर्ष तिचं,
अजून अंड्यावरही आलेली नाही,
जाता-येता तिच्या डोक्यात टोचा मारते.
भुरी उलटत नाही.
बाजूला होते, एवढंच.

शेजारच्या कुमऱ्यांची रेवती
शाळेतून आली की दप्तरासकट तिला उचलून घेते.
त्या दिवशी भुरी अशी किंचाळली
की रेवतीच रडायला लागली.
"हे काऊन अशी झाली वं काकू? म्या काय केलं?"
"तू काई नाई केलं. इकडं ये."
तिचं बोट धरून भुरीच्या मानेजवळ नेलं,
टेकवलं नाही.
"निळ्या निळ्या नळ्या दिसते का?
त्याईच्या आत नवं पीस गुंडाळून हाय. रगत हाय अजून.
तुह्या अंगावर झंपर असताना म्या टाचण्या लावल्या,
अन् तेवढ्यात कोणी मिठी मारली, तं?"
रेवतीनं दोन्ही हात मागे घेतले,
फ्रॉकला पुसले, उगाच.

देवानंद जेवता जेवता म्हणाले,
"अंडे नाई, तं दाणे कायले घालतं?"
मी भाकर वाढली.

गुरुवारी जब्बारभाई आला, गाडीला पिंजरे बांधून.
भुरीला लांबूनच पाहिलं.
"ही बिमार दिसते बाई, कोणी घेत नाही."
मग थोरल्या लालीला पायांनी उचलून तोलली.
कशी लखलखीत, एक पीस जागचं हललेलं नाही,
लग्नाला निघाल्यासारखी.
पोळ्यापासून तिच्या नावची एक रेघ नव्हती.
ते मी बोलले नाही.
त्याला वजन हवं होतं, रेघा नव्हेत.
पैसे ब्लाउजच्या कापडाखाली ठेवले
आणि बराच वेळ सुईत दोरा जाईना.

आर्णीच्या बाजारातून सुकट आणली.
बांधावरच्या बाभळीचा सडका बुंधा फोडला,
उधईसकट ढलपा गंजीमागे नेऊन ठेवला.
भुरीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
मी मशीनवर जाऊन बसले, पाठ करून,
तेव्हा चोचीचा आवाज आला.
रात्री ती काजळीला अंग लागू देत नाही,
दांडीवर चढत नाही,
खालीच बसते, सगळ्यांपासून वीतभर दूर.
खुराड्याचं दार लावताना मीही आता
कंदील थोडा लांब धरते.

थंडी पडली. हिरव्या साडीवरचे तीन ब्लाउज शिवून झाले.
भुरीच्या नळ्या फुटायला लागल्या.
चोचीनं एकेक सोलते,
खाली पांढरा भुगा पडतो,
माझ्या मापाच्या खडूचा पडतो तसाच.
मानेवर राखी रंग उगवतोय,
आधीच्याहून जरा गडद.

रेवती पायरीवर बसून बघते,
हात मांड्यांखाली दाबून.
काल ताटलीजवळ धाकट्या लालीला
एकच फटका बसला, नीट, डोक्याच्या मधोमध.
रेवती हसली.
मला म्हणाली, "आता उचलू?"
"नोको. अजून नाई."

अंडं नाही. रेघ नाही.
खडू मी खिडकीत ठेवलाय, हाताशी.